सगळ्या खेळांचे एकच सर
कॉलेजच्या बास्केटबॉल प्रशिक्षकाच्या कारकिर्दीची प्रस्तावना

पावसाळा सरत आला की नागपूरच्या मराठी दैनिकांच्या क्रीडापानांवर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या बातम्या झळकू लागतात. बास्केटबॉलच्या बातमीचा साचा ठरलेला असतो. अमुक कॉलेजनं तमुक कॉलेजला इतक्या गुणांनी हरवलं, याने इतके गुण केले, त्याने तितके केले. आणि शेवटी विजयी संघानं आपल्या यशाचं श्रेय संस्थेचे अध्यक्ष, सचिव, प्राचार्य आणि क्रीडा संचालक यांना दिलं. ज्यानं बारा पोरांना चेंडू छातीपाशी कसा धरायचा इथपासून शिकवलं, तो या यादीत चौथा येतो. संघ हरला तर तेवढंही नाही. हरणाऱ्यांच्या श्रेयाची बातमी होत नसते. या चौथ्या नंबरच्या माणसाची कारकीर्द हा आपला विषय आहे.

त्याच्यावर काहीच लिहिलं जात नाही, असं नाही. तो निवृत्त होतो तेव्हा सभागृहात कार्यक्रम होतो, शाल-श्रीफळ होतं, एखादा गौरवांक निघतो. त्यात त्याग असतो, तळमळ असते, ‘आमचे द्रोणाचार्य’ असतात. तीस वर्षं हा माणूस रोज संध्याकाळी साडेपाचला नेमकं काय करत होता, त्याला कोणती खोली मिळाली होती, चेंडू किती होते, संघ निवडताना त्यानं कुणाला घरी पाठवलं आणि का, हे मात्र त्यातून कळत नाही. मराठीत प्रशिक्षकाच्या गळ्यात हार घालायची घाई फार, त्यामुळे त्याच्या हाताकडे कुणाचं लक्ष जात नाही. माझं म्हणणं इतकंच की हा माणूस समजून घ्यायचा असेल तर आधी त्याची नोकरी समजून घ्यावी. त्याचं मोठेपण आणि त्याची कोंडी, दोन्ही त्या नोकरीतच आहेत.

अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या कॉलेजात पुरुषांच्या बास्केटबॉल संघाचा ‘मुख्य प्रशिक्षक’ हे स्वतंत्र पद असतं. त्याच्या हाताखाली सहायक असतात, मोसमात पंचवीसच्या आसपास सामने ठरलेले असतात, आणि मुलांनी आपल्याच कॉलेजात यावं म्हणून तो वर्षभर शाळाशाळांतून हिंडतो. तिसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजांना खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. तरीही पद असतं, पगार असतो आणि दर सामन्याची नोंद राहते. कोणता प्रशिक्षक किती सामने जिंकला नि किती हरला, हे पन्नास वर्षांनंतरही सांगता येतं.

नागपुरात असं पद नाही. इथे असतात शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानुसार या पदाला शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी लागते, ५५ टक्के गुण लागतात, नेट किंवा सेट लागते, स्वतः खेळल्याचा पुरावा लागतो. शिवाय एक अट अशी, जी कॉलेजातल्या दुसऱ्या कुठल्याही प्राध्यापकाला नसते: पळून दाखवायचं. तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवारानं १२ मिनिटांत १८०० मीटर, चाळिशीपर्यंतच्यानं १५०० मीटर. इंग्रजीच्या प्राध्यापकाला कुणी स्टॉपवॉच लावत नाही. इतकं सगळं करून माणूस रुजू झाला की त्याच्या वाट्याला एक खेळ येत नाही, सगळेच येतात. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, बुद्धिबळ, ॲथलेटिक्स, योगासनं आणि बास्केटबॉलही. एनसीसीचा अधिकारी सुटीवर असेल तर पंधरा ऑगस्टची परेड पण. मुलांना तो सगळ्या खेळांचा एकच सर.

मौजेची गोष्ट अशी की बास्केटबॉलचा जन्मच अशा माणसाच्या हातून झाला. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड इथल्या वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नायस्मिथ हा तिशीतला शिक्षक हिवाळ्यात बंद जिममध्ये कंटाळलेल्या अठरा विद्यार्थ्यांना खेळवायला काहीतरी शोधत होता. त्यानं गॅलरीच्या कठड्याला पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. कठड्याची उंची दहा फूट होती. आजही जगभर रिंग तितक्याच उंचीवर, ३.०५ मीटरवर असते. हाच नायस्मिथ १८९८ मध्ये कॅन्सास विद्यापीठात गेला तो बास्केटबॉलचा प्रशिक्षक म्हणून नव्हे. शारीरिक शिक्षण शिकवायला आणि प्रार्थनामंदिराचं काम बघायला. संघ सांभाळणं हे त्यातलंच एक काम. त्यानं १९०७ पर्यंत ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. कॅन्सासच्या इतिहासात हरलेले सामने जिंकलेल्यांपेक्षा जास्त असणारा एवढा एकच प्रशिक्षक आहे, आणि तो या खेळाचा जनक आहे. त्याच्या मते हा खेळ मुलांनी खेळायचा होता. बाकावर बसून कुणी तो चालवावा, हे त्याला फारसं पटत नव्हतं. पटलं ते त्याच्या विद्यार्थ्याला, फॉग ॲलनला. ॲलननं प्रशिक्षण हाच व्यवसाय केला आणि त्याच्या हाताखाली खेळलेले ॲडॉल्फ रप व डीन स्मिथ पुढे अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचे मोठे प्रशिक्षक झाले. अमेरिकेतलं स्वतंत्र ‘मुख्य प्रशिक्षक’ हे पद अशा रीतीनं नायस्मिथनंतर वाढत गेलं. आपण नायस्मिथपाशीच थांबलो.

आपल्याकडेही हा खेळ वायएमसीएच्याच वाटेनं आला. हॅरी क्रो बक या अमेरिकन शिक्षकानं १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं विद्यालय सुरू केलं, आणि देशभरच्या क्रीडाशिक्षकांची पहिली पिढी तिथून बाहेर पडली. पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये सुरू झाली, राष्ट्रीय महासंघ १९५० मध्ये आला. विदर्भात त्याआधीपासून आखाड्याची आणि व्यायामशाळेची स्वतःची परंपरा होती. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. या मंडळाच्या पथकानं १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. त्याच ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा पदकाचा खेळ म्हणून आला आणि म्हातारा नायस्मिथ तो बघायला हजर होता. अंतिम सामना उघड्या मातीच्या मैदानावर, धो धो पावसात झाला. चेंडू टप्पा घेईना, ड्रिबल करता येईना. अमेरिकेनं कॅनडाला १९–८ असं हरवलं. नागपूरच्या कुठल्याही क्रीडा संचालकाला हा सामना समजावून सांगावा लागणार नाही.

कारण त्याचा मोसमच पावसात येतो. जून-जुलैत प्रवेश होतात, ऑगस्टपासून विद्यापीठाचं वेळापत्रक लागतं. कॉलेजचं कोर्ट असलंच तर बहुतेकदा सिमेंटचं आणि उघडं. ज्यांच्याकडे नाही ते शिवाजीनगर जिमखान्यासारख्या क्लबच्या मैदानाचा आसरा घेतात. नागपुरात हा खेळ कॉलेजांपेक्षा क्लबांनी अधिक जगवला, हे मान्यच करायला हवं. दुपारी पावसाची सर आली आणि चारला उघडलं की सर आणि दोन पोरं पोती घेऊन कोर्टवर उतरतात. आधी खराट्यानं पाणी कडेला लोटायचं, मग पोती अंथरून पायानं दाबत न्यायची, फ्री थ्रोच्या रेषेजवळचा खोलगट भाग सगळ्यात शेवटी. तो भाग सुकला असं वाटतं, पण पिव्हट घेताना पाय तिथेच सटकतो. हे ज्याला ठाऊक असतं तो प्रशिक्षक मुलांना त्या संध्याकाळी ले-अप देत नाही. उभ्याउभ्या चेस्ट पास, बाउन्स पास आणि फ्री थ्रो एवढंच घेतो. प्रशिक्षणशास्त्राच्या पुस्तकात हा निर्णय सापडणार नाही, पण एखाद्याचा गुडघा त्यामुळे वाचलेला असतो. उन्हाळ्याचं गणित याच्या उलटं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा शिबिर पहाटे साडेपाचला सुरू होतं आणि आठला संपतं. त्यानंतर सिमेंट बुटाच्या तळव्यातून चटके देऊ लागतं.

सरावाकडे थोडं जवळून बघू. पंधरा-सोळा पोरं, चार-पाच चेंडू. त्यातल्या दोन चेंडूंचे दाणे सिमेंटवर घासून गुळगुळीत झालेले, त्यामुळे ते फक्त ड्रिबलला वापरायचे. नेमबाजीला बरे चेंडू राखून ठेवलेले. अकरावीत कबड्डीतून आलेला उंच मुलगा रिबाउंडला उडी मारतो, पण चेंडू हातात आला की तो कमरेपर्यंत खाली आणतो आणि बुटका गार्ड तो हिसकावून नेतो. शिट्टी वाजते. “काय करून राहिला बे? चेंडू वर ठेव, हनुवटीखाली आणू नको!” पुन्हा तेच, पुन्हा शिट्टी. चौथ्यांदा सर त्याच्या दोन्ही कोपरांना धरून ती बाहेर काढतात, पाय खांद्याइतके फाकवायला लावतात आणि पाठीनं मागच्या खेळाडूला ढकलून अडवून ठेवायला सांगतात. यालाच बॉक्स-आउट म्हणतात. कबड्डीवाल्या मुलाला अंग लावायची भीती नसते, म्हणून ते त्याला चटकन जमतं. बास्केटबॉल शाळेपासून खेळलेल्या मुलांकडून ते करून घ्यायला महिना जातो, कारण सगळ्यांना बास्केट करायची असते आणि अडवून उभं राहायला टाळ्या नसतात. सगळ्या खेळांच्या सरांना कबड्डीतला तो मुलगा आधीपासून माहीत होता, हा त्यांच्या नोकरीचा एक फायदा. एकाच खेळाच्या प्रशिक्षकाला तो दिसलाही नसता.

आता या सगळ्या मेहनतीचं फळ किती काळ टिकतं ते बघा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुधा बाद पद्धतीची असते. पहिल्याच सामन्यात हरलं की कॉलेजचा मोसम चाळीस मिनिटांत संपला. जिंकत गेलं तर तीन-चार सामने. त्यानंतर कॉलेजचा संघ उरतच नाही. चांगल्या खेळाडूंमधून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, त्याचं शिबिर होतं, आणि तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. तिथून पुढे अखिल भारतीय फेरी, आणि २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा. निवड झालेला मुलगा ‘कलर होल्डर’ होतो, विद्यापीठाचं नाव पाठीवर असलेला ट्रॅकसूट त्याला मिळतो आणि पुढची पाच वर्षं तो ट्रॅकसूट लग्नकार्य सोडून सगळीकडे घातला जातो. त्या संघाबरोबर प्रशिक्षक म्हणून कुणी जायचं हे विद्यापीठ ठरवतं. ज्यानं त्या मुलाला घडवलं तोच जाईल असं नाही. अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजातला प्रशिक्षक आपल्या संघासोबत हिवाळाभर राहतो. आपल्या सरांचा मुलगा ऐन फुलोऱ्यात आला की दुसऱ्याच्या हाती जातो, आणि सर व्हॉलीबॉलच्या प्रवेशिका भरायला लागतात.

प्रवेशिका हा शब्द सहज येऊन गेला, पण या कारकिर्दीचा मोठा भाग त्यातच जातो. प्रत्येक खेळाडूचा पात्रता अर्ज, फोटो, जन्मतारखेचा पुरावा, बारावी कधी झाली, मध्ये वर्ष गेलं का, याच विद्यापीठात नियमित प्रवेश आहे का. एका मुलाचा कागद चुकला तर अख्खा संघ बाद होऊ शकतो. नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ ची. अमरावती १९८३ मध्ये आणि गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये वेगळं झालं, तरी आजही नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे या स्पर्धेत येतात. गोंदियाच्या बाजूच्या एखाद्या तालुक्याच्या कॉलेजचा संघ पहाटेची गाडी धरून नागपुरात येतो, अकराला सामना खेळतो आणि संध्याकाळी परत जातो. त्यांचे सर तिकिटं काढतात, डबे मोजतात, मुलीही संघात असतील तर पालकांना फोन करतात, आणि मग टाइम-आउटमध्ये साठ सेकंदांत झोन सोडून मॅन-टू-मॅन करायचं का, हे ठरवतात.

या कागदांना आणखी एक वजन असतं. राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी खेळाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते खरं आहे का याची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. पोलीस, रेल्वे, वीज कंपनी यांत लागलेली कितीतरी पोरं अशा प्रमाणपत्रावर लागली. म्हणून जिल्हा संघातून, विद्यापीठ संघातून कोण खेळला ही नोंद सर जपून ठेवतात. सामन्याची स्कोअरशीट मात्र कुणी जपत नाही. कुणी किती गुण केले हे नोकरीसाठी लागत नाही, त्यामुळे ते वर्षाअखेरीस रद्दीत जातं. आपल्याकडे खेळाचा इतिहास उरतो तो असा, नोकरीच्या कामी येईल तेवढाच.

या पदाच्या अधिकाराचंही बोललं पाहिजे. संघ बारा जणांचा, यायला पंचवीस येतात. तेरा जणांना नाही म्हणणं हा प्रशिक्षकाचा पहिला आणि सगळ्यात मोठा अधिकार. प्रशिक्षकांसाठी १९८५ पासून केंद्र सरकार द्रोणाचार्यांच्या नावानं पुरस्कार देतं. पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते. पुरस्काराचा मान मोठाच आहे. पण दीक्षाभूमीच्या या शहरात द्रोणाचार्य म्हटलं की अर्ध्या श्रोत्यांना अर्जुनाआधी एकलव्य आठवतो. प्रशिक्षकाच्या चरित्रात हा प्रश्न टाळून चालत नाही: त्याच्या मैदानाचं फाटक कुणासाठी उघडं होतं?

अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांचा इतिहास या बाबतीत वाचण्यासारखा आहे. जॉन मॅकलेंडन हा कृष्णवर्णीय मुलगा १९३० च्या दशकात कॅन्सासला शिकायला आला. विद्यापीठाच्या संघात काळ्या मुलांना जागा नव्हती. नायस्मिथनं मात्र त्याला शारीरिक शिक्षणाच्या वर्गात घेतलं आणि आपल्यापाशी होतं ते शिकवलं. अंगठा मागितला नाही. पुढे मॅकलेंडन नॉर्थ कॅरोलायनातल्या कृष्णवर्णीयांच्या एका छोट्या कॉलेजचा प्रशिक्षक झाला. १२ मार्च १९४४ च्या रविवारी सकाळी, शहर चर्चमध्ये असताना, बंद दारांआड त्याच्या संघानं ड्यूकच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या गोऱ्या संघाशी सामना खेळला आणि ८८–४४ असा जिंकला. काळे-गोरे एकत्र खेळणं तेव्हा तिथे कायद्याविरुद्ध होतं, म्हणून प्रेक्षक नव्हते. पुढे टेनेसीच्या कॉलेजला त्यानं १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन वर्षं छोट्या कॉलेजांची राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवून दिली. जॉन वुडनचंही असंच. यूसीएलएला बारा वर्षांत दहा अजिंक्यपदं जिंकून देणारा म्हणून जग त्याला ओळखतं. त्याआधी तो शाळेत इंग्रजी शिकवत होता, मग इंडियाना राज्याच्या एका शिक्षक-महाविद्यालयात प्रशिक्षक होता. १९४७ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेचं निमंत्रण आलं, पण आयोजक कृष्णवर्णीय खेळाडूला खेळू देणार नव्हते. त्याच्या संघात क्लॅरेन्स वॉकर नावाचा एक राखीव खेळाडू कृष्णवर्णीय होता. वुडननं निमंत्रण नाकारलं. पुढच्या वर्षी बंदी उठली आणि वॉकर खेळला. हाच वुडन नंतर यूसीएलएतल्या नामांकित खेळाडूंचा पहिला सराव मोजे कसे घालायचे इथून सुरू करायचा, कारण मोज्याला चुणी पडली की फोड येतो आणि फोड आला की खेळाडू बसतो. फ्री थ्रोच्या रेषेजवळचं पाणी पुसणाऱ्या सरांची आणि त्याची जात एकच.

नागपुरात या फाटकाचा प्रश्न ज्यानं सगळ्यात ठळकपणे सोडवला, तो क्रीडाशिक्षक बास्केटबॉलचा नव्हता. विजय बारसे हे हिस्लॉप कॉलेजचे. कॉलेज जुनं, १८८३ चं, स्कॉटिश मिशनऱ्यांनी काढलेलं. बारसे सरांनी २००१ मध्ये पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली आणि त्यांना फुटबॉल दिला. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभं राहिलं, निवृत्तीच्या वेळी हाती आलेले पैसे त्यांनी त्याच कामासाठी जागा घेण्यात घातले, तिथून निघालेली पोरं बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेली, आणि २०१६ मध्ये फिफानं या कामाला विविधतेचा पुरस्कार दिला. त्यांच्यावर बेतलेला नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट ४ मार्च २०२२ ला पडद्यावर आला तेव्हा कॉलेजचा क्रीडाशिक्षक हा हिंदी सिनेमाचा नायक होऊ शकतो, हे देशाला कळलं.

बारसे सरांची गोष्ट इथे आणण्याचं कारण त्यांची कीर्ती नव्हे. ते जर फक्त कॉलेजच्या फुटबॉल संघाचे पगारी मुख्य प्रशिक्षक असते, तर त्यांची नजर प्रवेश घेतलेल्या मुलांपुरती राहिली असती. हंगाम, निकाल आणि नोकरी टिकवणं यात ती अडकली असती. क्रीडाशिक्षक या पदाला एक खेळ नेमून दिलेला नसतो, म्हणून त्याला कुंपणही नेमून दिलेलं नसतं. ज्या ढिलाईमुळे बास्केटबॉलचं नुकसान होतं, तिच्यातूनच ही मोकळीक मिळाली. नोकरीचा हा दुहेरी गुण लक्षात घेतला नाही तर आपण एकतर नुसती कुरकुर करतो, नाहीतर नुसती आरती ओवाळतो.

बास्केटबॉलचं नुकसान मात्र खरं आहे. आठवड्यात चार संध्याकाळी दोन तास, वर्षातले दहा महिने, असा सराव झाल्याशिवाय संघ उभा राहत नाही. आणि वीस खेळ सांभाळणाऱ्या माणसाला तेवढा वेळ निघत नाही. म्हणून नागपूरच्या बहुतेक कॉलेजांत हे काम दोघांत वाटलेलं असतं. पगारावरचे सर संघ पाठवतात, आणि कोर्टवर शिकवतो एखादा माजी खेळाडू, जो दिवसा दुसरी नोकरी करतो. त्यातल्या काहींनी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एनआयएसचा अभ्यासक्रम केलेला असतो. ही संस्था १९६१ ची, आणि ‘एनआयएस कोच’ ही पदवी मैदानावर डॉक्टरेटपेक्षा वजनदार मानली जाते. अशा माणसाला कॉलेज मानधन देतं किंवा देत नाही. तासिका तत्त्वावर राबणारे तरुण प्राध्यापक जसे, तसाच हा. फरक इतकाच की याची तासिका कुठल्याच वेळापत्रकात नसते. बातमीतल्या श्रेयाच्या यादीत तर तो चौथाही नाही. खऱ्या अर्थानं कॉलेजचा बास्केटबॉल प्रशिक्षक हाच, आणि त्याची कारकीर्द कोणत्याच हजेरीपटावर सापडत नाही.

तरी या व्यवस्थेतून खेळाडू निघतात, हे विसरू नये. नागपूरची सिया देवधर भारताच्या महिला संघातून खेळली, ती याच शहराच्या उघड्या कोर्टांवर वाढली. मुंबईत नागपाड्याच्या एका मोहल्ल्यातून भारताचा कर्णधार आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार विजेता अब्बास मुंतसिर निघाला. तिथे बच्चू खान या प्रशिक्षकाच्या नावानं आज मैदान आहे. महाराष्ट्रात प्रशिक्षकाचं नाव मैदानाला मिळणं इतकं विरळ की ते मुद्दाम सांगावं लागतं. पुरुषांच्या कॉलेज संघांबाबत असं बोट दाखवावं असं यश कमी आहे, आणि त्याचं कारण मुलांत नाही. बारावीनंतर उंच, चपळ मुलाला घरून विचारलं जातं की यातून नोकरी लागते का. उत्तर विद्यापीठाच्या ट्रॅकसूटवर अवलंबून असतं, म्हणून तो तेवढ्यापुरता खेळतो. कलर मिळाला की सराव सुटतो. प्रशिक्षकाला याचा राग येतो, पण तो बोलत नाही. त्याच्या स्वतःच्या पोटाची सोयही अशाच एका प्रमाणपत्रानं झालेली असते.

मग या कारकिर्दीचं मोजमाप कशानं करायचं? जिंकलेल्या सामन्यांनी करता येत नाही, कारण सामनेच मूठभर होतात आणि त्यांची नोंद राहत नाही. नावाजलेल्या शिष्यांनीही पूर्ण होत नाही. एक नामांकित शिष्य निघाला की बाकीचे तीनशे त्याच्या सावलीत जातात. आयोवातल्या ग्रिनेल या छोट्या कॉलेजचं उदाहरण बघण्यासारखं आहे. वर्षानुवर्षं हरणाऱ्या या कॉलेजात डेव्हिड आर्सेनॉ १९८९ मध्ये प्रशिक्षक म्हणून आला आणि त्यानं ठरवलं की पाच-पाच खेळाडूंचे गट मिनिटभराच्या आत बदलत राहायचे, सगळ्यांना खेळवायचं, वेग कमी होऊ द्यायचा नाही. त्या पद्धतीत २०१२ मध्ये जॅक टेलर या त्याच्या खेळाडूनं एका सामन्यात १३८ गुण केले, आणि जगभर बातमी झाली ती त्या १३८ गुणांची. आर्सेनॉच्या पद्धतीची मूळ कमाई वेगळी होती: ज्या बाकावर आठ-दहा पोरं मोसमभर बसून राहायची, तो बाक रिकामा झाला. छोट्या कॉलेजातल्या प्रशिक्षकाचं यश तिथेच शोधावं लागतं, दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या खेळाडूपाशी. पहिले पाच कुणाकडेही खेळले असते.

या विषयावर पुढे कुणी लिहील, एखाद्या सरांचं चरित्र किंवा एखाद्या कॉलेजचा क्रीडा-इतिहास, तर त्यानं सुरुवात गुणगौरवानं करू नये. कोर्ट कधी बांधलं, कुणाच्या पैशांनी, दिवे कधी लागले, हे विचारावं. दर वर्षी चेंडू किती मिळाले ते भांडारपालाच्या वहीत बघावं. मुली कधीपासून खेळू लागल्या, वसतिगृहातली मुलं किती होती, कोणत्या वस्त्यांमधून पोरं येत होती आणि कोणत्या वस्त्यांमधून कधीच आली नाहीत, हे विचारावं. संघाबाहेर ठेवलेल्या तेरा जणांपैकी दोघांना तरी शोधून भेटावं. प्रशिक्षकाबद्दल सगळ्यात नेमकं तेच सांगतील. कोर्टवर शिकवणाऱ्या त्या बिनपगारी माजी खेळाडूचं नाव पहिल्या प्रकरणातच यावं.

कॉलेजांनाही फार काही करावं लागणार नाही. सामना संपल्यावर स्कोअरशीटची एक प्रत ग्रंथालयात द्यायची, दर वर्षीच्या बारा नावांपुढे ती मुलं पुढे कुठे गेली ते दहा वर्षांनी भरायचं, आणि कोर्टवर शिकवणाऱ्याचा तास वेळापत्रकात लिहून त्याचे पैसे द्यायचे. नॅकच्या पाहणीसाठी याहून कितीतरी अवघड कागद दर पाच वर्षांनी तयार होतातच. तोवर, पुढच्या निरोपसमारंभाआधी संयोजकांनी सरांकडून त्यांच्या सगळ्या वर्षांच्या बारा-बारा नावांची यादी मागून घ्यावी. व्यासपीठावर ती नुसती वाचून दाखवली, तरी भाषणाला दुसरा मजकूर लागणार नाही.